माझ्या मालकीची इंजिनं

मी काही वाफेच्या इंजिनांचा मालक आहे, असं म्हटलं की डोणगावात लोक माझ्याकडे जरा दयेनं बघतात. बँकेत इतकी वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजून माणसाचं असं होतंच, असा त्यांचा समज होत असावा. पण यात वाढवून सांगितलेलं काही नाही. दार्जिलिंगची, निलगिरीची, माथेरानची रेल्वे सरकारच्या मालकीची. आणि सरकार म्हणजे आपण, असं शाळेत नागरिकशास्त्राच्या बाईंनी शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं होतं. तेव्हा एकशेचाळीस कोटींतला एक हिस्सा माझा. मी हिशेब केला. चौदा टनांचं एक इंजिन धरलं, तर माझ्या वाट्याला दहा मिलिग्रॅम लोखंड येतं. डोळ्यात गेलं तर खुपेल, एवढं नक्की.

आता गंमत बघा. डोणगाव हे मेहकर तालुक्यातलं गाव. आमच्या तालुक्यात रेल्वेचा एक रूळ नाही. गाडी पकडायची तर वाशीम गाठा, अकोला गाठा, नाहीतर खामगावला जा. खामगावला १८७० साली इंग्रजांनी कापसासाठी जलंबहून फाटा आणला, तो तिथंच थांबला. तो पुढं जालन्यापर्यंत न्यावा ही मागणी एवढी जुनी आहे की ती मागणीच आता वारसा म्हणून जाहीर करायला हरकत नाही. ज्याच्या गावाला रूळ नाही, त्याच्या नावावर इंजिन! नवरी नाही आणि वरातीच्या घोड्याचा खर्च मात्र भरतोय, अशातला प्रकार.

यातून एक प्रश्न निघतो आणि तो मला बरेच दिवस सोडत नाही. सगळ्यांच्या मालकीची एक जुनी, खर्चिक, आणि खरं सांगायचं तर गरजेपुरतं बघता अनावश्यक अशी वस्तू सगळ्यांच्या पैशानं चालू ठेवणं हे बरोबर आहे का?

मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या शास्त्राकडे याचं उत्तर तयार आहे. त्याचं नाव घसारा. आज दहा हजारांचं कपाट घेतलं की दर वर्षी त्याची किंमत थोडी थोडी खोडत जायची. शेवटी खात्यात नुसता एक रुपया उरतो. वस्तू अजून आहे, एवढी आठवण राहावी म्हणून तो रुपया. आमच्या शाखेत अशी एक रुपयाची दोन टेबलं आणि एक पंखा आहे. पंख्याखाली हेडकॅशियर बसतात. पंखा फिरतो, वारा मात्र एक रुपयाचाच येतो. या हिशेबानं १८८९ पासून बनत आलेली दार्जिलिंगची बी वर्गाची इंजिनं केव्हाच एक रुपयाला आलेली असणार. आमच्या शास्त्राच्या दृष्टीनं ती मेलेली आहेत. पण सकाळ झाली की ती कोळसा मागतात, पाणी मागतात, तेल मागतात. मेलेलं माणूस एवढं मागत नाही.

आणि हे मागणं साधंसुधं नसतं. डिझेल इंजिनाला किल्ली द्यावी, बटण दाबावं, ते गुरगुरतं. वाफेच्या इंजिनाला आधी उठवावं लागतं. गाडी निघायच्या कितीतरी तास आधी भट्टीत आग घालायची, तीही हळूहळू. कारण बॉयलरचं लोखंड तापलं की फुगतं, आणि एका बाजूनं घाईनं फुगलं तर सांधे रडायला लागतात. पाण्यातले क्षार नळ्यांवर आतून बसतात. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला खारपाणपट्टा आहे, तिथल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. त्यानं आपल्या घरातल्या भांड्यांचे तळ पाहिलेत. म्हणून ठरल्या मुदतीनं आग विझवायची, बॉयलर थंड करायचा, धुवायचा, नळ्या घासायच्या. फिटर हातोडीनं एकेक खीळ ठोकून नुसत्या आवाजावरून सांगतो, ही धड आहे, ही गेली. भट्टीच्या छताला शिशाची एक बुचासारखी खीळ असते. पाणी फार खाली गेलं तर ते शिसं वितळतं आणि वाफ सुटून ड्रायव्हरला दम देते. माणसानं केलेल्या यंत्रांत इतकी प्रामाणिक तक्रार करणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही. आमच्याकडे पाणी कितीही खाली गेलं तरी काही वितळत नाही.

दार्जिलिंगला तर एक माणूस कोळसा फोडायला, एक भट्टीत टाकायला, एक चालवायला, आणि चढावर चाकं घसरू नयेत म्हणून दोघे इंजिनाच्या नाकावर बसून रुळांवर हातानं वाळू टाकायला. एवढा लवाजमा तीन-चार डब्यांसाठी! आमच्या शाखेत एवढी माणसं असती तर पासबुकं दिवसातून दोनदा भरून दिली असती.

इथंच ही वस्तू इतर वारशांपेक्षा वेगळी पडते. आमच्या जवळच लोणारचं सरोवर आहे. उल्का पडून हजारो वर्षं झाली, ते आपलं आहे तिथं आहे. त्याला कोणी सकाळी उठून पेटवत नाही. काठावरची देवळं पडझड झाली तरी देवळंच राहतात. रायगड ढासळला तरी रायगडच. पण इंजिन थांबलं की ते लोखंड. चौथऱ्यावर उभं करा, काळा रंग द्या, पितळेला लाल-पिवळा द्या, पोरं त्यावर चढून फोटो काढतील. पण ते इंजिन नव्हे, इंजिनाचा पुतळा. आणि पुतळ्यांच्या बाबतीत आपण फार उदार असतो. जिवंतपणी ज्याची विचारपूस केली नाही, त्याला हार घालायला आपल्याला वेळ असतो.

बरं, चालतं ठेवावं तर ते झिजतं. म्हणजे जपायचं तर वापरलंच पाहिजे, आणि वापरलं की संपतं. आपल्याकडे वाफेचं शेवटचं ब्रॉडगेज इंजिन चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७० साली बाहेर पडलं. त्याचं नावच ‘अंतिम सितारा’. ब्रॉडगेजवरची नेहमीची वाफेची गाडी १९९५ च्या डिसेंबरात संपली. मग सुटा भाग कुठून आणायचा? घडवायचा. निलगिरीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यानं २०११ नंतर अख्खी नवी इंजिनं बांधली, कोळशाऐवजी तेलावर चालणारी. आता ती जुनी की नवी? आमच्या गावाकडे हा प्रश्न कोणाला पडत नाही. आजोबांची बंडी असते. आरे बदलले, आस बदलला, धाव तर लोहारानं तीनदा चढवली, जू मागच्या साली मोडलं. तरी ती आजोबांचीच बंडी. का, तर ती कधी थांबली नाही आणि दुरुस्त करणारा सुतार आजोबांच्या सुताराचा नातू आहे. मला वाटतं, यातलं दुसरं कारण जास्त खरं आहे.

उलट २०२३ च्या ३१ ऑक्टोबरला गुजरातेत एकतानगर ते अहमदाबाद एक वारसा-गाडी सुरू झाली. तिचं इंजिन दिसायला वाफेचं, पोटात वीज. धुराडं आहे, घाम नाही. गाडी देखणी आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण लग्नात भाड्यानं आणलेल्या फेट्यासारखी ती मला वाटते. फेटा बांधणारा घरात असणं वेगळं.

माथेरानचं उदाहरण आपल्या घरचं. ती गाडी सरकारनं नाही काढली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं सोळा लाख रुपये घालून दोन फुटी रूळ टाकले आणि १९०७ साली नेरळहून गाडी डोंगर चढली. वळणं इतकी आवळ की जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीनं चार इंजिनं बनवली, ती खास कडेला सरकणाऱ्या आसांची. पुढं ही रेल्वे सगळ्यांची, म्हणजे माझी झाली. १९८० नंतरच्या दशकात वाफेची जागा डिझेलनं घेतली. चौघांतलं एक इंजिन आता नेरळला उभं आहे, एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात. २००५ च्या जुलैतल्या पावसानं मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये उभा राहिला. २०१६ मध्ये डबे घसरले, गाडी बंद. पुन्हा सुरू. २०१९ च्या पावसात पुन्हा मार्ग खचला. मधल्या काळात वरचा अमन लॉज ते माथेरान एवढाच तुकडा चालवला, आणि नेरळपासूनची गाडी २०२२ च्या ऑक्टोबरात परत सुटली. कर्जदार म्हणून पाहिलं तर अशा खात्याला आमचे मॅनेजर उभंही करणार नाहीत. पण माथेरानला मोटारी नेता येत नाहीत. तिथल्या माणसाला ही गाडी म्हणजे खेळणं नाही, आपण तिला खेळण्यातली गाडी म्हणत असलो तरी. म्हणून माझे दहा मिलिग्रॅम तिथं लागले तर माझी हरकत नाही.

हे सगळं मी एकदा बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आमच्या एका खातेदारांना सांगत होतो. सोयाबीन आणि थोडा कापूस, वय सत्तरच्या पुढं, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले,

“साहेब, आपल्या गावाले रेल्वे नाही. अन् तिकडे लोकायच्या हौसेले आपला पैसा काहून?”

मी म्हटलं, “आप्पा, हौस कशी? ही विद्या आहे. बॉयलर ठोकून ओळखणारा माणूस एकदा घरी बसला आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकलं नसलं, तर मालकी कागदावर राहते. करोडो रुपये दिले तरी परत मिळत नाही.”

“ते खरं हाय,” आप्पा म्हणाले. “पण मंग आपली शकुंतला?”

इथं मला चहा संपवावा लागला. शकुंतला आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची. तिथून एक हात यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरा अचलपूरला, ७६ किलोमीटर. कापूस वाहायला टाकलेली अडीच फुटी वाट. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिथं १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. मग डिझेल आलं. अलीकडच्या काळात गार्डच तिकीट द्यायचा, तोच गाडी सोडायचा. वेग बेताचा, पण भाडं एस.टी.पेक्षा कमी, आणि गाडी थांबायची ती ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी. आणि या गाडीची मेख अशी, की ती सगळ्यांची नव्हतीच. रूळ किलिक निक्सन कंपनीच्या पदरचे. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही राहून गेली. सरकारनं गाडी चालवायची आणि कंपनीला वापराचे पैसे द्यायचे, असं दशकानुदशकं चाललं. कंपनी पुढं देशी हातांत गेली, तरी लोक तिला इंग्रजांचीच म्हणत राहिले. मालक एक, चालवणारा दुसरा, बसणारा तिसरा. भाड्याच्या घराचं छत गळायला लागलं की काय होतं, ते ज्यानं भाड्यानं दिवस काढलेत त्याला ठाऊक असतं. छत गळत राहिलं. गेली काही वर्षं गाडी बंद आहे, रुळांत गवत आहे. आणि ती बंद पडल्यावर मग सगळ्यांना ती वारसा म्हणून आठवली. तिच्यावर लेख आले, फोटो आले.

मला स्वतःला यात एक गोष्ट खटकते. ज्या गाडीत श्रीमंत हौसेनं बसतो ती चालती ठेवायला आपल्याला कारणं सापडतात, युनेस्को सापडतं. दार्जिलिंगला १९९९ मध्ये तो मान मिळाला, निलगिरीला २००५ मध्ये. मिळाला हे चांगलंच झालं. त्या नावाच्या आधारानं निदान तिथले फिटर कामावर राहिले. पण ज्या गाडीत गरीब गरजेनं बसतो, तिच्यासाठी आपण घसाऱ्याचं पुस्तक उघडतो. दोन्ही खाती तोट्याची. एका तोट्याला आपण संस्कृती म्हणतो, दुसऱ्याला तोटा.

हे मी आप्पांना जरा आवेशानंच सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

“म्हंजे तुमचं म्हणणं, शकुंतलेले पैसा द्याले पायजे होता.”

“हो.”

“तुमी-मी मालक, म्हणता.”

“दार्जिलिंगचे, माथेरानचे. शकुंतलेचे रूळ कंपनीचे होते ना, आप्पा. तिथं करार होता…”

“पण कंपनीले पैसा तं आपलाच जात होता ना?”

“जात होता.”

“मंग रूळच काहून नाही घेतले इकत?”

मी कराराची मुदत, नूतनीकरण, राष्ट्रीयीकरण असं सगळं त्यांना समजावून सांगायला लागलो. बँकेत आम्ही ज्या सुरात व्याजाचे नियम सांगतो, तोच सूर लागला. आप्पा ऐकत होते. तेवढ्यात मेहकरची एस.टी. आली, भरलेली. ते पिशवी उचलून उठले, चहाचे पैसे दोघांचेही देऊन मोकळे झाले, आणि दाराशी उभं राहून जागा करून घेता घेता कंडक्टरला म्हणाले, “सरक ना बाप्पा थोडा, या गाडीचे बी मालक आपणच हाओत.”