धुण्याचे पाणी

आमच्या हुबळीच्या बेंगेरीत खादी संघ राष्ट्रध्वज तयार करतो. संघ 1957 सालचा. ध्वजाचे सूत, वीण, रंगाचा पक्केपणा, सारे ठरलेल्या मानकाला उतरावे लागते. अशा गावात राहणाऱ्याने बाजारातले ‘वास न येणारे’ मोजे निमूट विकत घ्यावेत का?

यांतल्या काही मोज्यांत चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश. माणसाचा केसच सुमारे 80,000 नॅनोमीटर जाड! ही चांदी जंतू मारते. भाजलेल्या माणसाच्या जखमेवर तशी पट्टी बांधली, तर तिला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण पायाच्या घामासाठी? अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 2008 साली असे मोजे धुऊन पाहिले. काहींतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच पाण्यात उतरली. म्हणजे गुण गेला, आणि चांदी मोरीत. सांडपाण्यातली घाण कुजवून पाणी निवळवणारेही जंतूच असतात. चांदीला आपपरभाव नाही.

हुबळी-धारवाडचे सांडपाणी नाल्यांवाटे खाली जाते आणि तिकडचे शेतकरी कित्येक वर्षे ते पिकांना, भाजीला देत आले आहेत. पाय आमचे, भाजी त्यांची. (आणि ती भाजी पुन्हा आमच्याच बाजारात!) ही वाटणी त्यांना विचारून झालेली नाही.

दुकानदाराला विचारले, तर म्हणाला, “वास्नी बरंगिल्ल री!” खरेच आहे ते. पण चांदी किती आणि ती किती धुणी टिकते, एवढे पाकिटावर छापायला काय हरकत आहे?