अधिकाऱ्याची भाकर

(वाचनाचा भाग : नहेम्या ५:१४–१८)



यरुशलेमाचा तट बांधला जात होता तेव्हां नहेम्या यहूदा प्रांताचा सुभेदार होता. त्याच्या पूर्वींचे सुभेदार रयतेपासून अन्न व द्राक्षारस घेत, शिवाय ४० शेकेल रुपें घेत. त्यांचे चाकरसुद्धां लोकांवर हुकूम गाजवीत. नहेम्यानें १२ वर्षें आपल्या हक्काची भाकर घेतली नाहीं. तो तटाच्या कामावर राहिला, त्याचे चाकरही तेथेंच राबले, आणि त्यानें एकही शेत विकत घेतलें नाहीं. कारण त्यास देवाचें भय होतें, आणि लोकांवरील भार त्यास दिसत होता. कोणी म्हणेल, असें नमतें घेतल्यानें काम होत नसतें. तट तर ५२ दिवसांत पुरा झाला.

आम्हांपैकीं कित्येकांस देवानें लहानमोठा अधिकार दिला आहे. कोणी शाळेचा मुख्याध्यापक, कोणी दवाखान्यांतील मुख्य परिचारिका, कोणी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. ऊसतोडीची गोष्ट आम्हांस ठाऊक आहे. नवराबायको मिळून एक कोयता, हंगामापूर्वीं उचल, आणि बाई आजारी पडून एक दिवस फडांत गेली नाहीं तर खाड्याचा दंड. रीत आहे म्हणून तो दंड घ्यावाच काय? नहेम्यापाशींही रीत होतीच.

जामखेडकडे पाहा. सन १९७० मध्यें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य तेथें कामास लागलें. वैद्याची विद्या ही वैद्याची भाकर होय. ती त्यांनीं आपल्यापुरती राखिली नाहीं. गांवोगांवच्या स्त्रियांस, ज्यांत पुष्कळ निरक्षर व दलित होत्या, त्यांनीं बाळंतपण, मुलांची निगा व साधे उपचार शिकविले. ज्यांच्या हातचें पाणीही इतर घेत नसत, त्यांच्या हातीं गांवानें आपल्या बाळंतिणी सोंपविल्या. सन १९७९ मध्यें त्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज तीं दोघें हयात नाहींत, पण काम चाललें आहे. कारण तें त्यांनीं दुसऱ्यांच्या हातीं दिलें होतें.

प्रभूनें कंबरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तेणेंकरून त्याचें प्रभुपण उणें झालें नाहीं. मग आमचा मान कशानें जाईल?

आम्हां उपदेशकांनींही आपणांस विचारावें : मंडळींतील दुसऱ्या कोणास शास्त्र वाचून दाखवावयास आम्हीं शिकविलें आहे काय? कीं आमच्यावांचून दिवा लागूं नये असेंच आम्हांस वाटतें?

या शनिवारीं मजुरी वांटतांना, हजेरी लिहितांना, आम्ही एक हिशेब करूं : हक्काचें असून आम्हीं काय सोडिलें, आणि आमच्या हाताखालच्या माणसास काय दिलें? तो हिशेब देवासमोर मांडण्याचें धैर्य प्रभु आम्हांस देवो. आमेन.