अर्ज आणि वाद

पुण्यात दोन माणसे भेटली आणि त्यांच्यापैकी एकाला यायला उशीर झालेला असला, की संभाषणाचा प्रारंभ हवापाण्याने न होता वाहतुकीने होतो, हा आता या शहराचा शिरस्ताच होऊन बसला आहे. उशिरा आलेला गृहस्थ कर्वे रस्त्याला, सिंहगड रस्त्याला अथवा विद्यापीठ चौकाला बोल लावतो. यजमान दुजोरा देऊन आपल्या अनुभवाची भर घालतो. आणि चहा येण्यापूर्वीच दोघे ज्या निष्कर्षावर येऊन स्वस्थ होतात तो असा, की या गावच्या लोकांना शिस्त म्हणून राहिलेली नाही. त्या बेशिस्त लोकांत बोलणाऱ्या दोघांची गणना अर्थातच नसते. सायकलींचे शहर म्हणून ज्याची एके काळी ख्याती होती त्या गावाने सायकल टाकून दुचाकी घेतली, दुचाकीच्या जोडीला मोटार घेतली, आणि पालखी-घोड्यांच्या बेताने वसलेल्या पेठांतून ती हाकण्याचा हट्ट धरला, ही गोष्ट त्या संभाषणात क्वचितच निघते.

शिस्तीचे हे निदान लोकप्रिय व्हावे यात नवल नाही, कारण ते कोणाकडूनच काही मागत नाही: त्यासाठी महापालिकेला रस्ता उकरावा लागत नाही, आणि बोलणाऱ्यालाही फाटकासमोरची गाडी लावण्याची वहिवाट सोडावी लागत नाही. परंतु मृत्यूचा हिशेब निराळाच आहे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो; त्यांत दुचाकीवरील माणसे ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के होते, म्हणजे दर तीन मृतांपैकी जवळजवळ दोघांच्या अंगाभोवती पत्र्याचे कवचसुद्धा नव्हते. वाहनाचा वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हा शालेय पुस्तकातला नियम बेशिस्त माणसाला आणि सुसंस्कृत माणसाला सारखाच लागू पडतो. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून बाह्यवळण मार्ग ज्या उताराने नवले पुलाकडे येतो, तेथे २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहने चेपली. डिझेल वाचवण्यासाठी गिअर काढून गाडी उताराच्या स्वाधीन करणारा चालक दोषी असतो, याविषयी वाद नाही. पण एकाच उतारावर वेगवेगळ्या चालकांच्या हातून तोच अपघात पुनःपुन्हा घडत असेल, तर काही प्रश्न त्या उतारालाही विचारावे लागतात.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये, अल्पवयीन मुलगा चालवीत असल्याचा आरोप असलेल्या एका भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट आहे हे कळताच सारे शहर पेटून उठले. तो संताप न्याय्य होता. पुढे चर्चा रक्ताच्या नमुन्यांकडे, मद्यगृहांच्या वेळांकडे आणि श्रीमंतीच्या माजाकडे वळली, तेही स्वाभाविक होते. मात्र मध्यरात्रीनंतर मोकळ्या पडलेल्या त्या रस्त्यावर वाहनाचा वेग आपोआप उतरावा अशी कोणती योजना त्या रस्त्याच्या बांधणीत आहे, हा प्रश्न मी ऐकलेल्या चर्चांत तरी कोणी उपस्थित केल्याचे मला स्मरत नाही.

तो विचारायचा तरी कोणाला? रस्ता महापालिकेच्या पथ विभागाचा, सिग्नलचे दिवे विद्युत विभागाचे, त्या दिव्यांखाली उभा राहून दंड करणारा हवालदार राज्याच्या गृहखात्याचा, कडेचे झाड उद्यान विभागाचे, बस दोन महापालिकांच्या सामाईक कंपनीची, डोक्यावरचा मार्ग महामेट्रोचा, आणि थोडे पुढे गेले की महामार्ग राष्ट्रीय प्राधिकरणाचा: इतक्या मालकांच्या रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला अपघात झाला तर प्रत्येक खाते आपली हद्द अचूक सांगू शकते. अशा कारभारात नागरिकाच्या हाती उरते ते हत्यार म्हणजे अर्ज. पूर्वी तो दोन प्रतींत लिहून बारनिशीत द्यावा लागे आणि पोच म्हणून शिक्का मिळे. आता मोबाइलवरून छायाचित्र पाठवले की क्रमांक मिळतो. साधन बदलले, पण व्यवहाराची जात बदललेली नाही. अर्ज खालून वर जातो. तो एकट्याने करता येतो. आणि त्यासाठी शेजाऱ्याशी बोलण्याची गरज पडत नाही.

गतिरोधकाचेच उदाहरण घ्या. त्याचे शास्त्र ठरलेले आहे: इंडियन रोड्स काँग्रेसच्या निर्देशांप्रमाणे तो दहा सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि गोलाईचा असावा. प्रत्यक्षात होते असे, की वेगाने जाणाऱ्या गाड्यांना त्रासलेला एक गृहस्थ अर्ज देतो, नगरसेवक शब्द टाकतो, आणि एके दिवशी सकाळी उठून पाहावे तो रस्त्यावर डांबराचा वरवंटा आडवा पडलेला असतो. काही महिन्यांनी त्याच गल्लीतला, मणक्याच्या विकाराने बेजार झालेला दुसरा गृहस्थ तो काढून टाकावा म्हणून अर्ज करतो. दोन्ही अर्ज एकाच फाइलीत, एकाच टाचणीने अडकवलेले असतात. अर्जदारांच्या घरांत चार फाटकांचे अंतर असते, आणि ते एकमेकांशी या विषयावर अवाक्षर बोललेले नसतात. रस्त्यावरील सुरक्षिततेचा प्रश्न अर्जाने सुटत नाही याचे कारण माझ्या मते येथे आहे. पाण्याचा दाब वाढला तर शेजाऱ्याचे सहसा काही बिघडत नाही. परंतु रस्ता निर्धोक करायचा म्हणजे कोणाची तरी गाडी लावण्याची जागा, कोणाचे सोयीचे वळण, कोणाचा पाच मिनिटांचा वेळ काढून घ्यावाच लागतो, आणि ज्याचे काढून घ्यायचे तो समोर बसलेला असल्याखेरीज तो निर्णय न्याय्यही होत नाही आणि टिकतही नाही. त्यासाठी शेजाऱ्याचा शेजाऱ्याशी वाद व्हावा लागतो.

पुणेकरांना वादाचे वावडे आहे असा आरोप त्यांचा शत्रूही करणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम शिरस्त्राण सक्तीचे करते. २०१९ च्या प्रारंभी त्याची अंमलबजावणी कडक होताच शहरात विरोधी कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले, उकाडा, मानेचे दुखणे आणि शहरातला मंद वेग यांचे दाखले देण्यात आले. त्यांचे म्हणणे मला अजिबात पटत नाही. डोक्याची कवटी मंद वेगालाही फुटते. पण ती मंडळी एकत्र जमली, कारणे घेऊन उघडपणे लोकांसमोर आली, हे कबूल केले पाहिजे. डोके उघडे ठेवण्याच्या हक्कासाठी जेवढी संघटना झाली तेवढी पदपथासाठी झाली असती तर काय बहार झाली असती!

या शहराला सार्वजनिक मतभेदाची परंपरा थोर आहे. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि तेही सरकारनियुक्त. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी गावच्या तिजोरीतून हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्याला त्यांनी एकट्याने विरोध केला. मंडईच्या इमारतीवर होणारा खर्च शिक्षणावर व्हावा, असेही त्यांचे मत होते. ती मंडई झालीच, १८८६ मध्ये गव्हर्नर रे यांच्या नावाने उघडली, आणि दैवाची थट्टा अशी की आज ती फुल्यांचेच नाव मिरवते. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव आला. १८९५ मध्ये टिळक नगरपालिकेत निवडून गेले. पुढे गोखले तिचे अध्यक्ष झाले. गटारे, नळ आणि दिवाबत्ती यांवर भांडण्यात त्या माणसांना कमीपणा वाटला नाही.

आजचा वाद कसा असू शकतो, याचा एक नमुना मला कोथरूडच्या बाजूच्या एका मंगल कार्यालयात पाहावयास मिळाला. विषय एवढाच, की शाळेजवळच्या दुभाजकातील फट बुजवून तेथले वळण बंद करावे की नाही. औषधाच्या दुकानाचे मालक प्रथम उठले. "वळण बंद केलंत तर माझं गिऱ्हाईक पुढच्या चौकात जाईल. आजाऱ्याचा माणूस एवढा वळसा घालून का येईल, साहेब?" शाळेच्या व्हॅनचे काका मागून बोलले, "मी मुलं पलीकडे उतरवतो, कारण अलीकडे तुमच्याच दुकानापुढे गाड्यांची दुहेरी रांग असते. मग ती पोरं त्याच फटीतून पळत येतात. मला काय हौस आहे?" दुकानदार काही क्षण गप्प झाले. ही अडचण त्यांना ठाऊक नव्हती असे नाही, परंतु ती त्यांच्या तोंडावर आजवर कोणी मांडली नव्हती.

मग एक आजी उभ्या राहिल्या आणि पर्समधून त्यांनी शिवणकामाची टेप काढली. "मी मोजून आले आहे. फुटपाथ उतरायला अकरा इंच. आमच्या वाड्याच्या जिन्याची पायरी सात इंचांची होती, आणि तो जिना उभा म्हणून बदनाम होता." क्षेत्रीय कार्यालयाचे कनिष्ठ अभियंते तरुण आणि प्रामाणिक होते, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा अधिक नसावी हा नियम त्यांनी स्वतःच सांगितला, आणि म्हणाले, "पण आजी, एवढी ठेवली की दुचाकीवाले वर चढवतात गाड्या. तक्रारी येतात." आजींनी चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे त्यांनी चढू नये म्हणून मीही चढायचं नाही?"

सभागृह हसले, पण त्या हशानंतर चर्चेचा सूर पालटला. फुटपाथला उतार करावा आणि तोंडाशी खांब रोवावेत, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेपुरते वळण अडथळे लावून बंद ठेवावे, आणि त्याच्या बदल्यात औषधे घ्यायला येणाऱ्यांसाठी दोन गाड्यांची जागा दहा मिनिटांच्या मुदतीने राखावी, असे ठरले. दुकानदार खूश नव्हते, व्हॅनचे काकाही पुरते समाधानी नव्हते. तरी दोघांनी मान डोलावली. मग अभियंत्यांनी सांगितले, की खांब व उतार त्यांच्या अखत्यारीतले, वळणाला मात्र वाहतूक शाखेची परवानगी लागेल. आणि या सभेच्या ठरावाचे काय? त्याला कोणत्याच दफ्तरात जागा नव्हती. सबब, दोन तास भांडून केलेली ती तडजोडही अखेरीस एका इसमाच्या सहीने अर्ज म्हणूनच दाखल झाली.

ठरावाला जागा असावी अशी तजवीज कायद्याने केलेली आहे, हे विशेष. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. आणि २००९ मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभांचा कायदा केला, ज्यान्वये मतदारांनी आपापल्या भागात जमून कामांचा क्रम लावावयाचा होता. हा कायदा केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेच्या निधीची एक अट होती. कायदा झाला, अट पुरी झाली, सभा भरल्या नाहीत. अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवावीत ही पद्धत पुण्याने २००६ पासून सुरू केली हे भूषणावह आहे. पण तीही छापील नमुना भरून देण्याची, म्हणजे अर्जाचीच सुधारलेली आवृत्ती होय. मार्च २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेने रस्त्यावर गाडी लावण्यास शुल्क आकारण्याचे धोरण मंजूर केले. गदारोळ झाला, ते पाच रस्त्यांपुरते आखडले, आणि तेथेही अमलात आले नाही. ज्यांच्याशी आधी वाद घातला गेला नाही त्यांनी तो नंतर घातला, एवढाच त्याचा अर्थ. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. त्या अवधीत तर शब्द टाकणारा मधला माणूसही नाहीसा झाला आणि नागरिक थेट कचेरीच्या खिडकीपुढे जाऊन उभा राहिला. या काळात काही कामे जलद झाली असे म्हणणारे मला भेटतात. झालीही असतील, पण ती कोणाला विचारून झाली याचा जबाब देणारा कोणी नव्हता.

शेजाऱ्यांच्या वादावर माझी भिस्त आहे, तरी त्यातले एक वैगुण्य त्या मंगल कार्यालयातच माझ्या ध्यानात आले होते. जमलेले आम्ही सारे त्या भागाचे रहिवासी, बहुतेक पिकल्या केसांचे आणि बहुतेक दारी गाडी असलेले. त्या फटीतून दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडणाऱ्या घरकामाच्या बायका, फुटपाथवरचा इस्त्रीवाला, शाळेचे शिपाई यांतले कोणीही तेथे नव्हते. त्यांची नावे त्या प्रभागाच्या मतदारयादीत नाहीत, आणि क्षेत्रसभा उद्या कायद्याप्रमाणे भरली तरी तीत त्यांना स्थान नाही. नगरपालिकेत मतदान प्रथम आले तेव्हा ते कर भरणाऱ्यांपुरते होते. आता ते राहणाऱ्यांपुरते आहे, आणि चालणारा पुष्कळदा तेथे राहणारा नसतो. तेव्हा क्षेत्रसभेचे नियम जो कोणी पुन्हा हाती घेईल त्याने मतदारयादीच्या जोडीला चौकातली वर्दळही मोजावी, रस्त्याच्या प्रश्नापुरता तरी त्या वर्दळीला बोलण्याचा आणि मत देण्याचा अधिकार द्यावा, आणि सभेची वेळही त्या मोजणीवरून ठरवावी. रविवारी सकाळी दहाची वेळ आम्हा निवृत्तांच्या सोयीची आहे. घरकामाच्या बायकांना दुपारी दोन ते चार एवढीच सवड असते, आणि त्या वेळी शाळेचा एखादा वर्ग सहज मोकळा मिळू शकतो.