ओझे कोणाचे?

डोंगर कोणी चढला, हा प्रश्न वरवर सोपा आहे. जो माथ्यावर उभा राहिला, तो चढला. पण त्याचा तंबू, शिधा आणि अंथरूण दुसऱ्याने पाठीवरून आणले असेल, तर? 'मजुरी दिली, हिशेब मिटला,' असे आपण चटकन म्हणतो. मीही तसेच म्हणत आलो होतो.

2009 च्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही पाच शिक्षक मित्र बेळगावहून गढवालमधील हर-की-दूनला गेलो. सांकरी, तालुका, ओसला ही गावे मागे टाकत सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीपर्यंत जायचे. जाऊन-येऊन काही दिवसांची पायपीट. राजहंसगड, पारगड पालथे घातलेल्या आम्हांला आपल्या पायांचा थोडा गर्वच होता. माझा तरी दुसऱ्याच दिवशी उतरला. गुडघा बोलू लागला आणि माझी बारा किलोंची सॅक वाटेवरच्या गावातील एका पोराने आपल्या पाठीवरच्या ओझ्यावर चढवली. मी त्याला वय विचारले. "अठारह, साहब," तो म्हणाला.

वाचकहो, शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारखा आणि समोरचे चेहरे ताडून पाहणे हा माझा वर्षानुवर्षांचा उद्योग. ते पोर पंधराच्या पुढचे नव्हते, हे मला पाहताक्षणी कळले. तरी मी गप्प राहिलो. कारण एकच, माझा गुडघा दुखत होता.

पुढे बर्फाचा एक पट्टा ओलांडताना त्याच्या पायांतील प्लॅस्टिकचे बूट दिसले. माझे बूट या प्रवासासाठी मुद्दाम घेतलेले, नवे कोरे. वर पोचल्यावर स्वर्गारोहिणीची शिखरे समोर उभी राहिली. आम्ही फोटो काढले. त्यांत ते पोर नाही. ते आमच्या चहासाठी पाणी आणायला गेले होते. निरोप घेताना ठरल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले. त्याने ते हसून घेतले. मला मात्र त्याच्याकडे नीट बघवेना.

मजुरी असते ती श्रमाची. श्रमाला भाव असतो. पण ज्या वयात वर्गात बसायचे त्या वयातले दिवस, आणि बर्फावर पाय घसरण्याचे भय, यांना कोणता भाव लावायचा?

7 जून 1922 रोजी एव्हरेस्टच्या उत्तर बाजूस हिमकडा कोसळून सात जण दगावले. सातही जण ओझे वाहणारे होते. साहेबांपैकी एकही नव्हता. त्या मोहिमेतील शल्यविशारद हॉवर्ड सॉमरव्हेल यांना, आपल्यापैकी एखादा तरी त्यांच्याबरोबर का गेला नाही, ही बोच लागून राहिली. पुढे त्यांनी लंडनमधील संभाव्य उत्कर्षावर पाणी सोडून त्रावणकोरातील नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात वर्षानुवर्षे सेवा केली. तरी जग फारसे बदलले नाही. 18 एप्रिल 2014 रोजी खुंबूच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार गेले, तेही दुसऱ्यांच्या चढाईची तयारी करताना.

मग पोर्टर घेऊच नये काय? असे म्हणणारा सज्जन त्या खोऱ्यातील चूल विझवतो. शिवाय ओझे वाहण्यात हीनपणा कोणता? तेन्झिंग नोर्गे 1935 साली एव्हरेस्टच्या मोहिमेत प्रथम गेले ते ओझे वाहणारे म्हणूनच, आणि 1953 साली माथ्यावर पोचले. दोष ओझे देण्यात नाही. ज्याच्या पाठीवर दिले त्याच्याकडे न पाहण्यात आहे. त्याचे वय, त्याचे बूट, त्याचे अंथरूण आपल्याइतकेच पाहावे. आणि जे दिसले ते आपल्या सोयीसाठी विसरू नये. हे दुसरे अधिक कठीण.

धर्मराज स्वर्गारोहिणीच्याच वाटेने गेला, अशी तिकडे श्रद्धा आहे. सोबत आलेल्या कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जायचे त्याने नाकारले. आम्ही तर फोटोतसुद्धा सोबत्याला घेतले नाही.

आजही कोणी विचारते, "सर, तुम्ही हर-की-दून चढलात ना?" मी म्हणतो, "गेलो होतो." मुलांना व्याकरण शिकवत आयुष्य गेले, पण 'चढलो' हे क्रियापद तेथे वापरण्याचे धाडस मला अजून होत नाही.