अल्प दान आणि आपला वाटा

दान श्रीमंतांनी करावे आणि गरिबाने नुसते हात जोडावे, अशी एक समजूत आपल्यात नकळत रुजली आहे. पण कीर्तन आटोपले की पाया पडायला येणाऱ्यांत कोणी ना कोणी आम्हांला हळूच विचारतो, "महाराज, पन्नासच रुपये आहेत. कुठं घालू म्हणजे सार्थकी लागतील?" प्रश्न साधा दिसतो, पण ज्याच्यापाशी लाखो आहेत त्याचे हजार वाया गेले तरी त्याला खंत नसते, खुरपणीच्या मजुरीतून बाजूला काढलेले पन्नास मात्र वाया जाऊन चालत नाहीत.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात मुंगसाची कथा आहे. धर्मराजाचा यज्ञ झाला, अपार दान वाटले गेले, आणि अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस तेथे येऊन म्हणाले की, कुरुक्षेत्रातल्या एका गरीब ब्राह्मणाच्या मूठभर पिठाची सर या यज्ञाला नाही. तो ब्राह्मण सांडलेले दाणे वेचून जगणारा. दुष्काळात थोडे जव मिळाले, त्याचे पीठ करून घरातल्या चौघांनी चार वाटे केले, तोच दारी अतिथी आला. चौघांनीही आपले वाटे दिले.

कथा ऐकून सभा गहिवरते. पण तिच्यातला एक बारकावा ध्यानात घ्यावा. ब्राह्मणाने आधी स्वतःचा वाटा दिला. अतिथीची भूक भागेना, तेव्हा पत्नीने आपला वाटा पुढे केला. तो घ्यायला ब्राह्मण तयार होईना. तिने आपणहून आग्रह धरला तेव्हाच तो अतिथीपुढे गेला. मुलाचे आणि सुनेचेही तसेच. घरचा कर्ता असूनही दुसऱ्याच्या ताटातले उचलून त्याने पुण्य जोडले नाही.

अल्प दानाचे वर्म हेच आहे. द्यावे ते आपल्या वाट्यातले. लेकराच्या वह्यांचे, म्हाताऱ्या आईच्या औषधाचे पैसे देवाच्या नावाने दिले, तर ते दान आपले नव्हे, त्या लेकराचे नि त्या आईचे; आणि त्यांना तर कोणी विचारलेच नाही! मग गरिबाने देऊच नये काय? असे कसे म्हणावे? ज्याला सगळे जग केवळ घेणारा समजते, त्यालाही देणारा होण्याचा अधिकार आहे. एक वेळचा चहा सोडून, तंबाखूची पुडी टाळून जे उरते ते त्याचे स्वतःचे आहे, आणि ते कोणी लहान म्हणू नये.

आता द्यावे कुठे? तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला दानाची रीत सांगतात. तिच्यात श्रद्धा आहे, लाज आहे, आणि जाणही आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात स्थळ, वेळ आणि पात्र पाहून, परतफेडीची आशा न धरता दिलेले ते सात्त्विक म्हटले आहे. तेव्हा श्रद्धा म्हणजे डोळे झाकणे नव्हे, बरं का! देण्यापूर्वी डोळे उघडे ठेवावे, आणि दिल्यावर मूठ पूर्ण सोडावी. हुंडीत घालू नये असे आमचे म्हणणे नाही. आज देवळाच्या दारात क्यूआर कोड लागले आहेत, क्षणात पैसे पोचतात. पण जिथे देणाऱ्याला पाहावे लागते, विचारावे लागते, दोन पावले चालावे लागते, तिथे पैशाबरोबर तोही थोडा दिला जातो.

आमच्या हातावर मात्र कोणी ठेवू नये. कीर्तनाचे मोल घेऊ नये हा आपल्या संप्रदायाचा दंडक आहे.

आणि पन्नास रुपयांनी काय होणार, ही शंका सोडावी. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हाती खराटा नि डोक्यावर गाडगे, एवढ्यावर जन्म काढला; पण लोकांनी दिलेल्यातून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्या भिंतींत कोणाचा आणा कुठे बसला, कोण सांगणार? पण निवारा साऱ्यांना मिळाला.

वारीला निघाल की दिंडीतच पाहा. कोणाची वहाण तुटलेली असते, कोणाच्या पायाला फोड आलेले असतात, कोणाची भिशी अपुरी असते आणि तो लाजेने सांगत नाही. दिंडीच्या चालकांना बाजूला घेऊन विचारावे, आपल्या वाट्यातले त्यांच्या हाती द्यावे. घेणाऱ्याने विचारलेच, तर 'माउलींनी धाडले' एवढेच सांगायला लावावे, आणि आपण आपल्या जागी जाऊन टाळ घ्यावा.

रामकृष्ण हरी.