विकत घेतलेले अंतर

आमचे आजोबा लोंढ्याच्या रानातून बैलगाडीने येत तेव्हा दिवेलागणीच्या आत गाव गाठण्याची त्यांची धडपड असे. वाटेत रात्र पडणे ही आपत्ती होती. त्यांच्या नातवाने रानात रात्र काढता यावी म्हणून पैसे मोजले, हे त्यांना कळते तर ते काही बोलले नसते. नुसते हसले असते. गेल्या एप्रिलात मुलांच्या आग्रहास्तव आम्ही उभयता काबिनीच्या काठच्या एका आलिशान निवासात दोन रात्री राहून आलो. त्या मुक्कामाने एक प्रश्न आमच्या मागे लावून दिला आहे.

काबिनी वायनाडच्या डोंगरात उगम पावते आणि म्हैसूर जिल्ह्यातून वाहत कावेरीला मिळते. एका बाजूस नागरहोळे, दुसऱ्या बाजूस बंदीपूर, मध्ये १९७४ साली पुरे झालेल्या धरणाचा जलाशय. उन्हाळ्यात रानातले पाणवठे आटतात, जलाशयही ओसरतो आणि उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते. त्या गवतासाठी हत्तींचे कळप उतरतात. आशियाई हत्ती इतक्या संख्येने एकत्र दिसावेत अशी ठिकाणे जगात फार थोडी आहेत.

नावेतून आम्ही चाळीसपर्यंत मोजले आणि मग मोजणे सोडून दिले. एक वयस्क हत्तीण सोंडेने गवताचा झुबका उपटी, पुढच्या पायावर आपटून माती झाडी आणि मगच तोंडात घाली. इतक्या सावकाश की पाहणाऱ्याचाही श्वास संथ व्हावा. तिच्या पायांमध्ये एक पिलू होते. आपल्या सोंडेचे काय करायचे हे त्याला अजून उमगले नव्हते. नावेतली बोलकी मंडळीही गप्प झाली. ते दर्शन खोटे होते असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

संध्याकाळी तरणतलावाच्या काठी बसलो असता पलीकडच्या तीरावर तोच कळप दिसत होता. आमचे निवासस्थान कुरुबांच्या झोपडीच्या धर्तीवर बांधलेले होते: वर गवताचे छप्पर, आत वातानुकूलन. खऱ्या कुरुबांची कथा निराळी. जेनु कुरुब आणि बेट्ट कुरुब ही या रानातली मूळ माणसे. मध काढणारी, हत्ती सांभाळणारी. धरण आणि अभयारण्य यांपायी त्यांतल्या अनेकांना रान सोडावे लागले. पुढे त्याच नागरहोळ्याच्या आत एक हॉटेल उभे राहू लागले तेव्हा आदिवासींनी विरोध केला आणि १९९७ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरविले. ज्यांना राहू दिले नाही त्यांच्या घराचा आकार मात्र आम्हांस भाड्याने मिळाला, ही गोष्ट आम्हांस चहाचा दुसरा पेला संपल्यावर सुचली, हेही सांगितले पाहिजे.

हत्ती पाहण्याचा शौक नवा नाही. याच काकनकोटच्या रानात म्हैसूर संस्थानचे ‘खेड्डे’ होत. शेकडो माणसे ढोल वाजवीत रानटी कळप नदीकडे आणि तेथून लाकडी कोटात हाकीत, आणि राजेरजवाडे व परदेशी पाहुणे सुरक्षित जागी बसून तो सोहळा पाहत. शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला. आज कोणी हत्तीला कोटात कोंडीत नाही, ही प्रगती खरीच. पण बसण्याची जागा तीच राहिली, असे मनात येते.

यावर एक उत्तर आहे आणि ते हलके नाही. पाहणारे येतात म्हणून रान टिकते. पाहुण्यांचा पैसा नसता तर तेथे खाणी, मळे आणि वसाहती आल्या असत्या. हे पुष्कळ अंशी खरे आहे. मात्र पाहुण्यांसाठी बांधलेली घरेही कोणाच्या तरी वाटेवर उभी राहतात. शेजारच्या निलगिरीत हत्तींच्या येण्याजाण्याच्या पट्ट्यात रिसॉर्टे झाली होती. तमिळनाडू सरकारची तो पट्टा राखण्याची २०१० ची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली कायम केली. हत्तीची वाट ही हत्तीच्या देहाइतकीच त्याची आहे, असेच आम्ही त्या निकालातून समजतो.

आता आमच्या घराकडे येऊ. दांडेलीच्या बाजूने हत्ती खानापूर तालुक्यात उतरतात, भात आणि ऊस तुडवतात. २००२ च्या सुमारास ते दोडामार्गात पोचले, २०२५ च्या सप्टेंबरात एक तरुण हत्ती पेडण्यात उतरला. गोव्यातील वाचकांना तो आठवत असेल. आमचे मामेभाऊ खानापूरकडे शेती करतात. सुगीच्या दिवसांत ते माळ्यावर रात्र काढतात, पत्र्याचे डबे बडवतात, मशाल दाखवतात. प्राणी तोच. फरक आहे तो मधल्या अंतराचा. आम्ही काबिनीला हत्ती विकत घेतला नव्हता. नाव, वाटाड्या, सौर विजेचे कुंपण आणि रात्रीचा पहारेकरी मिळून जे अंतर होते, ते घेतले होते. सौंदर्य म्हणून जे आम्ही घरी आणले, ते त्या अंतरामुळेच सौंदर्य झाले. आणि कुंपणाला भिऊन वळलेला कळप कोठे तरी जातोच. बहुधा ज्याला कुंपण परवडत नाही त्याच्या शेतात.

चक्रधरस्वामींच्या दृष्टांतातले आंधळे आणि हत्ती सर्वांस ठाऊक आहेत. प्रत्येकाच्या हाती एकेक अवयव आला, म्हणून प्रत्येकाचे ज्ञान अपुरे. आम्हांस वाटते, येथे तो दृष्टांत पुरा पडत नाही. त्या आंधळ्यांना हत्ती चाचपण्याचे मोल पडले नव्हते. येथे एकाला सोंडेचे कौतुक मिळते आणि दुसऱ्याला पाय मिळतो, पिकावर पडलेला. आणि कोणाला काय मिळावे हे आधीच ठरलेले असते.

परत आल्यावर मामेभावाकडे गेलो. मुलांनी छायाचित्रे दाखविली. त्याने ती एकेक करून, हात लुंगीला पुसून, नीट पाहिली. पिलाच्या चित्रापाशी तो थांबला आणि हसला.

“किती बघितलासा दादा?”

“चाळीस तरी असतील.”

“आमच्याकडं एकच आलता,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “तिथं एका रात्रीचं किती घेतात?”

आम्ही खरा आकडा सांगितला नाही. निम्मा सांगितला. तोही त्याला भाताच्या नुकसानीपोटी मिळालेल्या भरपाईहून अधिक होता.