अंगी लागेपर्यंत

वजन कमी करायला निघालेला माणूस ते चारचौघांत सांगतो. वाढदिवसाच्या केकचा तुकडा परत करताना सांगतो, सकाळी फिरायला भेटणाऱ्यांना सांगतो, आणि ऐकणारे त्याला शाबासकी देतात. वजन वाढवायला निघालेला माणूस मात्र बहुधा गप्प असतो. त्याचा शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा कपाटात असतो आणि वजनकाटा पलंगाखाली. दुपारी सगळे चहाला उठले की मग तो डबा उघडतो. आपण याला लाज म्हणतो. थोडी लाज त्यात असतेही. पण या गप्प राहण्यात लाजेपेक्षा शहाणपण जास्त आहे असं माझं मत आहे, आणि ते सावकाश उलगडून सांगावंसं वाटतं.

बारीक माणसाच्या अंगावर बोलायला आपल्याकडे कोणाची परवानगी लागत नाही. ‘वारा आला तर उडशील’, ‘घरी खायला घालतात की नाही?’ हे लिफ्टमध्ये भेटलेला शेजारीही म्हणतो, आणि प्रेमानेच म्हणतो. जाड माणसाला तोंडावर काही बोलताना हल्ली निदान काही जण जीभ आवरतात, बारीक माणसाच्या वाट्याला तेवढंही येत नाही. मुलगी असली आणि स्थळं बघायला सुरुवात झाली असली तर ‘जरा अंगाने भर, मग फोटो काढू’ हे घरातच ऐकावं लागतं. त्याच मुलीने ‘मला खरंच वजन वाढवायचंय’ म्हटलं, की ‘भाग्यवान आहेस, माझं घे थोडं’ म्हणून विषय हसण्यावारी जातो. तिची उणीव सगळ्यांना दिसते, पण ती भरून काढायला लागणारे कष्ट कोणाला खरे वाटत नाहीत.

अशी माणसं थोडी नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के आणि पुरुषांपैकी १६.२ टक्के जणांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १८.५ च्या खाली निघाला. त्यांतल्या पुष्कळांना अन्नच पुरेसं मिळत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि फार मोठा आहे. मी इथे बोलते आहे ती घरात सगळं असूनही ज्यांच्या अंगी लागत नाही त्यांच्याबद्दल.

अंगी लागत नाही, हे खरं असतं का? असतं. १९९९ साली अमेरिकेत जेम्स लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. कोणाची चरबी सव्वाचार किलोच्या आसपास वाढली, तर कोणाची अर्धा किलोसुद्धा नाही. हा फरक जाणूनबुजून केलेल्या व्यायामाने पडलेला नव्हता. जास्तीचं अन्न पोटात गेल्यावर काहींचं शरीर आपसूक जास्त हलू लागलं. बसल्या जागी चुळबुळ, उगीच उठणं, चार पावलं टाकणं, यात ती शक्ती निघून गेली. पाय हलवत बसणाऱ्या ज्या मुलांना आपण दटावतो, त्यांच्यातल्या काहींची शरीरं हाच उद्योग करत असतील. १९९० साली कॅनडात क्लॉड बुशार यांनी एकसारख्या जुळ्या भावांच्या बारा जोड्या घेऊन असाच प्रयोग केला. शंभर दिवसांतले ८४ दिवस रोज १००० कॅलरी जादा. कोणाचं वजन ४.३ किलोने वाढलं, कोणाचं १३.३ किलोने, आणि एका जोडीतल्या दोघा भावांची वाढ बरीचशी सारखी निघाली. म्हणजे यात जन्माने आलेलं देणं मोठं असतं. त्याआधी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या तुरुंगात एथन सिम्स यांनी स्वखुशीने तयार झालेल्या कैद्यांना महिनोन्‌महिने भरपूर खायला घातलं होतं. वजन पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने वाढवायचं होतं, आणि कित्येकांना ते जड गेलं. प्रयोग संपल्यावर बहुतेकांचं वजन पुन्हा मूळ आकड्याकडे गेलं. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता हे घरातल्या जेवणाच्या टेबलावर आणून बघा. मुलीने आईला सांगितलं, आजपासून मी वजन वाढवणार. चौथ्या दिवशी प्रश्न येतो, काही फरक? दहाव्या दिवशी आत्या म्हणते, दोन पोळ्या जास्त खाते पण दिसत तर काहीच नाही. वाढणारी ताटात भाताची मूद ठेवून तिथेच उभी राहते. ती सगळी संपली की नाही हे पाच जणांना दिसतं. महिना संपायच्या आत निकाल लागतो, ‘हिच्या अंगीच लागत नाही.’ आणि नेमका तेव्हाच प्रयत्न सुटतो. कारण पहिल्या काही आठवड्यांत काटा हलतच नाही, किंवा एवढा थोडा हलतो की सकाळी प्यालेल्या पाण्याचा आणि त्याचा फरक कळू नये. लोकांचं बोलणं रोजचा हिशेब मागतं, शरीर तो महिन्यांनी देतं. मधल्या काळात माणसाला कोणी बघत नसलं तरच तो खात राहतो. माझ्या मते गुप्ततेचं मुख्य काम हेच, संथ गोष्टीला वेळ मिळवून देणं.

आपल्या घरांना हे ठाऊक नाही असं नाही. बाळ गुटगुटीत झालं की जुन्या बायका ते मोठ्याने म्हणत नसत, म्हणणाऱ्याला थांबवत, तीट लावत. दृष्ट लागते हे मी मानत नाही. पण वाढत्या जिवाची वाढ येताजाता तोंडावर मोजू नये, ही त्यातली समज मला पटते. वजन उघडपणे वाढवायला आपण मान्यता देतो अशा जागाही आहेत. एक कोल्हापूरकडची तालीम. तिथे दूध, तूप, बदामाची थंडाई, मटणाचा रस्सा, जोर आणि बैठका यांची सांगड आहे. सगळेच खुराकावर असतात, त्यामुळे एकट्याच्या ताटाकडे कोणी बघत नाही, आणि पोरगं किती महिन्यांनी भरेल हे वस्तादाला माहीत असतं. दुसरी बाळंतिणीची खोली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं, आणि सव्वा महिना कोणी म्हणत नाही की किती खातेस. या दोन्ही जागांना बाहेरच्या बोलण्यापासून आडोसा आहे. तालमीत न जाणाऱ्या, बाळंतीण नसलेल्या माणसाला असा आडोसा कोणी देत नाही. तो गप्प राहून स्वतःपुरता उभा करतो.

माझी भाची नाशिकला एका बँकेत नोकरी करते. तिची हकिगत तिच्या परवानगीने सांगते. तिने जेवणाच्या ताटात दिसेल असं काहीच बदललं नाही, म्हणून कोणाला काही कळलं नाही. बदल सगळा मधल्या वेळेत आणि घासाच्या दाटपणात होता. दह्याच्या वाटीत दोन चमचे दाण्याचं कूट. पोळीला चमचाभर जास्त तूप, म्हणजे साधारण ४५ कॅलरी. चारच्या सुमाराला पर्समधल्या छोट्या स्टीलच्या डबीतले मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि दोन खजूर. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ५६० च्या वर कॅलरी आणि सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणून मूठभरानेही काम होतं आणि पोट तट्ट फुगत नाही. रात्री दूध आणि केळं. वजन आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, अंघोळीच्या आधी, आणि आकडा वहीत. खोलीचं दार लावून बैठका. मी विचारलं, आईला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ‘‘मावशी, कोणी ताटात बघायला लागलं ना, की घास तोंडातच फिरतो माझ्या.’’

त्या बैठकांना मी कमी लेखत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी भारतीय शरीराची एक खोड जगासमोर आणली. वरून बारीक दिसणाऱ्या माणसातही चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं, आणि हे जन्मलेल्या बाळापासूनच दिसतं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो आला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा नुसतं साखर-तूप खाऊन बसून राहिलं तर आपल्यातल्या बारीक माणसाचं पोट सुटेल, हातपाय होते तसेच राहतील. स्नायूंना काम आणि जेवणात प्रथिनं, दोन्ही हवीत.

पण एकांताचा हाच आडोसा घातक गोष्टीलाही मिळतो. गुपचूप वजन वाढवणाऱ्या पोरापोरींच्या हाती कोणीतरी गोळ्या देतं. त्यांत कधी सायप्रोहेप्टाडिन असतं. ते मुळात अ‍ॅलर्जीचं औषध, त्याने भूक वाढते आणि झोप अनावर होते. कधी डेक्सामेथासोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. त्याने गाल भरतात. घरचे खूश होतात, तब्येत सुधारली म्हणतात, आणि आत रक्तातली साखर चढत असते, हाडं ठिसूळ होत असतात. पुष्कळ दिवस घेऊन ते एकाएकी थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. या गोळ्यांबद्दल मला संताप येतो, कारण त्या नेमक्या बोलणी ऐकून थकलेल्या, कोणाला विचारू न शकणाऱ्या माणसाला गाठतात. दुसरं म्हणजे आजार. न ठरवता वजन उतरत असेल, दोन आठवड्यांवर खोकला असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, सारखी तहान आणि लघवी असेल, छातीत धडधड किंवा हाताला कंप असेल, तर लाडू नंतर, डॉक्टर आधी. क्षय, मधुमेह, थायरॉइड हे लाडवांनी भरून निघत नाहीत. आणि एकांतातलं खाणं थांबवता येत नसेल, नंतर अपराधी वाटत असेल, तर ती सवय वेगळी आहे, तिला मदत लागते.

भाचीच्या गुप्ततेत आणि या घातक गुप्ततेत फरक कसा ओळखायचा? मी तिच्या वहीकडे बघते. ती वही तिने सुरुवातीलाच डॉक्टरांना दाखवली होती, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घेतली होती. घरच्यांपासून ठेवलेली गोष्ट जाणत्या माणसापुढे न अडखळता उघडता येत असेल, तर मला तिची काळजी वाटत नाही.

महिने गेले आणि दंड भरले, तेव्हा लोकांच्या लक्षात आलंच. बँकेतल्या मैत्रिणीने विचारलं, काय खातेस गं? भाची म्हणाली, काही नाही, नेहमीचंच. मला आधी वाटलं होतं, आता सांगायला काय हरकत आहे. पण व्हरमाँटच्या कैद्यांचं वजन कसं परत गेलं ते बघता तिचंच बरोबर आहे. शेंगदाण्यांची डबी थांबली की वजनही उतरेल, म्हणजे ती पुढेही चालवायला हवी. आणि कौतुकाच्या पाठोपाठ ‘छान झालीस, आता पुरे हं, जास्त नको’ हे आलंच. ते तिच्या सख्ख्या काकूंनी दिवाळीत फराळाचं ताट पुढे करताना म्हटलं. भाचीने ताटातला लाडू उचलला, ‘हो काकू’ म्हणाली आणि चारची डबी चालूच ठेवली.